एकमताचं सुतक

आमच्या गावातला पहिला पदवीधर मी आहे. हे मी नम्रपणे सांगत नाही. नम्र व्हायला आधी दुसऱ्या कोणी ते मोठेपण आपल्याला द्यावं लागतं, आणि आमच्या गावात आता घरटी एक माणूस असा निघतो की ज्याच्यामुळं मी शिकलो. कोणाच्या आजोबानं मला पुस्तकं दिली होती, कोणाच्या चुलत्यानं माझ्या बापाला समजावलं होतं, कोणाच्या आजीनं परीक्षेच्या दिवशी माझ्या हातावर दही ठेवलं होतं. ऐकत बसलं की वाटतं, मी कॉलेजात गेलोच नाही, गावानं मला पालखीत बसवून नेलं. म्हणून हे लिहायला बसलो. मी कॉलेजात जाऊ नये असा ठराव केला तो याच गावानं, आणि त्या ठरावाला एक सोडून सगळे हात वर झाले. वर झालेल्या हातांत एक माझाही होता. गावाचं नाव लिहीत नाही. सकाळी वर्ध्याकडच्या आंजीच्या बाजाराला पायी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परतता यावं, एवढ्या अंतरावर ते आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या ते एकमतानं माझा निषेध करतील, आणि या वयात मला कोणाचं एकमत झेपत नाही.

आमचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, दोन खोल्यांचं. घरापेक्षा अंगण मोठं. पहाटे जाग यायची ती मायच्या जात्यानं. जात्याची घरघर, मध्येच तिच्या बांगड्यांचा आवाज, आणि गोठ्यातल्या म्हशीशी चाललेलं तिचं भांडण. माय म्हशीशी भांडायची, चुलीशी भांडायची, ज्वारीत खडा निघाला की खड्याशीही भांडायची. माणसांशी मात्र फारशी भांडत नसे, कारण माणसं उलट बोलतात आणि कामाचा वेळ जातो, असं तिचं म्हणणं. बाबा अगदी उलट. त्यांचं बोलणं 'हाव'नं, म्हणजे आमच्याकडच्या 'हो'नं, सुरू व्हायचं आणि 'हाव'नंच संपायचं. पाटील म्हणाला यंदा कपाशी लावू, हाव. शेजारी म्हणाला कपाशीत काही राम नाही, हाव. एका माणसाचं एका दिवसात इतक्या परस्परविरोधी गोष्टींवर एकमत झालेलं मी पुढं फक्त सरकारी कमिट्यांत पाहिलं. संध्याकाळी चुलीवर ज्वारीची भाकर फुगायची, तव्यात लाल मिरच्यांचा ठेचा तडतडायचा, आणि त्याच्या ठसक्यानं बाबा खोकत खोकत म्हणायचे, "हाव, झाला आज झकास." जेवणाआधी आणि जेवणानंतर चहा. गुळाचा, काळा, कडक. आमच्याकडं पाहुण्याला पाणी द्यायला उशीर झाला तर चालायचं; चहाला उशीर झाला तर पाहुणा तळेगावपर्यंत बदनामी करायचा.

तळेगावचं नाव आलं म्हणून आताच सांगून टाकतो. तळेगावला माझी आत्या दिलेली होती. बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याचा किराणा, अंगावर सोनं, आणि तोंड असं की त्यांच्या गल्लीत कोंबडा आरवायच्या आधी तिचा अंदाज घ्यायचा. ती आणि माय यांच्यात एक जुनं युद्ध होतं, वरून साखर आणि आतून मिरची असलेलं. मी दहावा वर्ग पास झालो, मॅट्रिकला अजून एक वर्ष होतं, तेव्हाच मायनं तिला सांगून ठेवलं होतं, "बाई, माह्या दिगंबर मॅट्रिक झाला का वर्ध्याले कालेजात जाते." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यावर उभं आहे.

त्या वर्षांत आमच्या भागात खादी घातलेली माणसं रस्त्यानं येत-जात असायची. पवनारच्या आश्रमाकडून येणाऱ्यांत खरोखरीची साधी, कष्टाळू माणसं होती; ती यायची, दोन शब्द सांगायची, ताक प्यायची, पुढं जायची. आमच्या वाट्याला आले ते पुढं गेले नाहीत. त्यांना आम्ही सेवकजी म्हणायचो. ते स्वतःला गावाचे सेवक म्हणवायचे, आणि सगळं गाव त्यांच्या सेवेत असायचं. ढोंगी असते तर सोपं झालं असतं. पण माणूस प्रामाणिक होता. जमिनीवर झोपायचा, स्वतःचं धोतर स्वतः धुवायचा, बोलायला गोड, बी. ए. झालेला. असा माणूस चुकीचं सांगायला लागला की त्याला अडवायचं कुठून? लबाडाला गाव ओळखतं. सच्च्यापुढं गावाचा इलाज चालत नाही.

त्यांचं तत्त्व एकच होतं. गाव म्हणजे एक शरीर, म्हणून गावाचं मन एक. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही. बहुमत म्हणजे हिंसा. निर्णय एकमतानं घ्यायचा. एकाचाही हात खाली राहिला तर ठराव थांबवायचा आणि त्या एकाचं मन प्रेमानं वळवायचं. ऐकायला किती सुंदर! मी आजही वाचलं तर भुलेन. फरक इतकाच, की बहुमतात हरलेला माणूस घरी जाऊन शिव्या देत झोपू शकतो. एकमताच्या गावात त्याला झोपूही देत नाहीत. रोज पहाटे प्रभातफेरी निघायची. पुढं मी. माझा आवाज चांगला होता, आणि मॅट्रिकच्या अभ्यासापेक्षा घोषणा पाठ करायला सोप्या असतात. मी ओरडायचो, "एक गाव!" मागून आवाज यायचा, "एक मन!" महिनाभर रोज सकाळी हे ओरडल्यावर आपल्याला स्वतःचं वेगळं मन आहे ही शंकासुद्धा येत नाही. भूक लागली तरी वाटायचं, गावाला भूक लागली असेल.

पहिला ठराव चहाचा. चहा हे गुलामीचं पेय आहे, ते गावानं सोडावं. मारुतीच्या पारासमोर सभा भरली. सेवकजी म्हणाले, "ज्यांना मनापासून पटलं, त्यांनी हात वर करावा." त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली, तिचा अर्थ मात्र फार उशिरा लागला. सेवकजींकडं कोणी पाहत नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या कोपराकडं पाहत होता. शेजाऱ्याचं कोपर अंगापासून जरा सुटलं की आपलंही सुटायचं. पाटलाचं कोपर सुटलं, मग आमच्या शेजारच्या नत्थूजीचं, मग बाबांचं, आणि पाखरांचा थवा उडावा तसे सगळे हात वर. दुसऱ्या दिवशी घराघरांतल्या किटल्या पारावर आणून ठेवल्या. तिसऱ्या दिवसापासून गावात प्रत्येकाला पडसं झालं आणि घराघरांतून दार लावून काढा उकळायला लागला. काढ्याला गुळाचा आणि चहापत्तीचा वास यायचा, पण एकमतानं तो काढा होता.

या सभेला बायकांना नुसतं बसायला बोलावलं होतं, हात त्यांचे मोजले नव्हते. सेवकजींना ते फार लागलं. म्हणाले, "अर्धं गाव बाजूला ठेवून कसलं एकमत? पुढच्या सभेपासून प्रत्येक स्त्रीचा हात पुरुषाच्या हाताइतकाच." टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. आपण कोणतं वारूळ उकरलं हे त्या सज्जन माणसाला माहीत नव्हतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीला मात्र कोणी सभेचं बोलावणं धाडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. 'समस्त गाव' म्हणताना तेवढं शरीर वगळलं जायचं, आणि कोणाच्या लक्षातही यायचं नाही. त्या वस्तीतली पोरं घोषणा न देता, कोणाला न विचारता शाळेत जात राहिली. पुढं त्यांची घरं अधिकाऱ्यांनी आणि प्राध्यापकांनी भरली. एक मन होण्याचं भाग्य त्यांना लाभलं नाही, म्हणून वाचली.

संध्याकाळी मनशुद्धी असायची. प्रत्येकानं उभं राहून त्या दिवशी मनात आलेला वाईट विचार सगळ्यांपुढं सांगायचा. पहिले काही दिवस लोक खरं सांगत होते. पण खेड्यातल्या माणसाच्या मनात वाईट विचार येऊन येऊन येणार तरी किती? तेच ते. शेजाऱ्याचा बैल, भावाचा बांध. मग चढाओढ लागली. ज्याचं पाप मोठं त्याला सेवकजी जवळ घेत. नत्थूजी, आयुष्यात मुंगी न मारलेला माणूस, एक दिवस उठून म्हणाले, "मले आज पाटलाच्या कोठारात चोरी करावं वाटलं." सेवकजींनी त्यांना छातीशी धरलं. गाव गहिवरलं. आणि त्या रात्रीपासून पाटलानं कोठाराला दुसरं कुलूप लावलं. नत्थूजी मरेपर्यंत त्या कोठाराजवळून गेले की कोणीतरी खाकरायचं.

त्या उन्हाळ्यात केसांचा मोह सोडायचं ठरलं. गावातल्या तरुणांनी डोई करून घेतली. मी सगळ्यांच्या आधी. माय म्हणाली, "बाप जिता हाय अन् पोट्टा डोक्सं भादरून आला. चांगला देखना दिसून राह्यला!" मला तिची कीव आली. तिचं मन अजून गावाचं झालेलं नव्हतं.

असा मी, तुळतुळीत डोक्याचा आणि रिकाम्या मनाचा, मॅट्रिक पास झालो. गावातून पहिला. मायनं आमरस आणि सरगुंडे केले. गव्हाच्या पिठाची ते लांब नळीसारखे सरगुंडे काडीवर वळताना ती म्हशीलाही निकाल सांगत होती. आणि त्याच संध्याकाळी सेवकजींनी माझी पाठ थोपटून पारावर सांगितलं, की दिगंबर हा गावाचा पुत्र आहे आणि शहर आता त्याला गिळायला टपलं आहे. कॉलेज म्हणजे बाबू तयार करायचा कारखाना. तिथं गेलेला हात पुन्हा नांगर धरत नाही. ज्ञान मातीत आहे. म्हणून गावानं ठराव करावा की गावातलं कोणतंही मूल शहरात कॉलेजला जाणार नाही, आणि सुरुवात दिगंबरच्या त्यागानं व्हावी. मला त्या वेळी काय वाटलं म्हणता? अंगावर काटा आला. आनंदाचा. बळी द्यायच्या बोकडाला हार घालतात तेव्हा त्यालाही बहुधा आपला सत्कार चाललाय असंच वाटत असणार.

"ज्यांना मनापासून पटलं..."

पाटलाचं कोपर सुटलं. नत्थूजीचं. बाबांचं. माझा हात तर सगळ्यांत वर, बोटं ताठ. बायकांच्या बाजूलाही बांगड्या वाजल्या, पदर सरकले, हात वर झाले. सेवकजींनी समाधानानं नजर फिरवली आणि ती एका ठिकाणी अडकली. माय मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

शेजारच्या शेवंताबाईनं, म्हणजे नत्थूजीच्या बायकोनं, तिला ढोसलं. "अवं, हात कर ना वर. झोपली काय?"

"जागी हाय."

सेवकजी हसून म्हणाले, "माई, आपल्याला काही शंका आहे का?"

"नाई जी."

"मग पटलं ना?"

"नाई जी."

बाबा तिच्याकडं डोळे वटारून पाहत होते. म्हणजे त्यांना जमेल तेवढे वटारून. सेवकजींनी विचारलं, "का पटलं नाही, ते सांगाल?"

"ते काई सांगता येत नाई. पटलं नाई एवढंच."

पुढं लोकांनी यात फार मोठं काहीतरी पाहिलं. माझ्या एका सत्काराच्या भाषणात तर एका वक्त्यानं मायला स्वतंत्र विचाराची ज्योत म्हटलं. खरं कारण तिनं त्या रात्री बाबांना सांगितलं, ते मी बाजेवर पडून ऐकलं. "मी तळेगावच्या बाईले सांगून बसली का पोरगा कालेजात जाते. आता नाई गेला तं ते मले जिती ठेवीन काय? साऱ्या तळेगावात ढोल पिटीन." बाबा म्हणाले, "हाव." म्हणजे माय काही गावाच्या दबावापासून मोकळी नव्हती. तिच्यावर दुसऱ्या गावातल्या एका बाईचा दबाव होता, आणि तो अख्ख्या गावापेक्षा जड होता. माझं पदवीचं शिक्षण नणंद-भावजयीच्या भांडणावर झालं, हे मी कोणापासून लपवत नाही.

मग सुरू झालं प्रेम. सेवकजींनी बजावलं होतं, बहिष्कार नाही, कटू शब्द नाही. फक्त माईंच्या हृदयपरिवर्तनासाठी गावानं मौन पाळायचं. माय विहिरीवर गेली की बायका मौन पाळायच्या. दळणाला कोणी सोबत यायचं नाही, कारण मौन. विस्तव मागायला आमच्या दारात येणाऱ्या शेवंताबाईनं काडीपेटी विकत आणली, तीही मौनात. बहिष्कारात निदान शिव्या ऐकायला मिळतात. या प्रेमात माणसाचा आवाजच ऐकू येईना. माय दिवसभर म्हशीशी बोलायची. रात्री एकदा मी तिला चुलीपुढं डोळे पुसताना पाहिलं. मला पाहून म्हणाली, "धूर." चूल तेव्हा विझलेली होती. मी मात्र तिच्या भल्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि झोपलो.

तेवढ्यानंही हृदय वळेना, तेव्हा उपवास ठरला. पेरणीआधीचे दिवस, माणसं रिकामी. पाटील, नत्थूजी आणि गावातले कर्ते पुरुष पांढऱ्या टोप्या घालून आमच्या अंगणात येऊन बसले. मीही त्यांच्यात बसलो; माझ्याच अंगणात, माझ्याच मायच्या विरोधात, माना खाली घालून, तुळतुळीत डोक्यानं. बाबांनी उपवासाला होकार दिला आणि वखरणीचं काम निघालं म्हणून बैल घेऊन पहाटेच शेतात गेले. असे होकार देणारे लोक दीर्घायुषी होतात. सेवकजी स्वतः उपवास करत दुसऱ्या वाडीला गेले होते, संध्याकाळी येणार होते.

माय आमच्याकडं न पाहता आपली कामं करत होती. सडा घातला. ताक घुसळलं. मग तिनं कांदे चिरले, तव्यात तेल टाकलं, वर बेसन. झुणक्याचा वास अंगणात आला तशी नत्थूजींच्या गळ्यातली घाटी वर जाऊन खाली आली. मग तिनं चहा ठेवला. काढा नव्हे, उघड्यावर, दार सताड उघडं टाकून, आलं ठेचून. पाटलानं डोळे मिटून घेतले. ऊन तापलं. कोणी बोलत नव्हतं, मौनाची वेळ होती. पांढऱ्या टोप्या, झुकलेल्या माना, मध्ये मी मुंडण केलेला, आणि अंगणभर शांतता.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी आत्या आली.

तळेगावहून आर्वी, आर्वीहून आंजी, आंजीहून पायी. डोक्यावर माझ्यासाठी आणलेली नवीकोरी पत्र्याची पेटी, कॉलेजात न्यायला. मायनं निकाल कळवला होता तो तिच्या जिवाला लागला होता, आणि आपण पेटी दिली हे आयुष्यभर ऐकवायची सोय करायला ती आली होती. तिनं लांबून आमचं अंगण पाहिलं. आमच्याकडं बारा महिन्यांत अंगणात पुरुषमाणसं मुकाट्यानं माना घालून बसतात ती एकाच कारणानं. आणि भाच्याचं डोकं भादरलेलं. तिला कोणाला काही विचारायची गरजच नव्हती.

पेटी धाडकन खाली पडली. आत्यानं दोन्ही हात डोक्यावर मारले आणि गल्ली दणाणून सोडली. "माह्या भाऊराया रे! कसा गेला रे मले न भेटता! माह्या दादा रे!"

तिचा आवाज ऐकला आणि नत्थूजींची मान वर झाली. पुढच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आत्या धावत आत येऊन माझ्या गळ्यात पडली. शेवंताबाई तिच्या घरातून पदर सावरत, मौन मोडत धावली, "काय झालं वं माय," म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता छाती पिटायला लागली. तिच्यामागून आणखी बायका. एक रडते म्हणून दुसरी, दुसरी रडते म्हणून तिसरी. पाटलानं टोपी काढून डोळ्यांना लावली. अंगणात असा आकांत उठला की खरंच कोणी मेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आणि मी? मी आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होतो. मनापासून. आतड्यातून.

तेवढ्यात वखर सोडून बाबा भाकर खायला घरी आले. फाटकात उभे राहिले, भरलेलं अंगण पाहिलं, रडणाऱ्या बहिणीकडं पाहिलं, आणि "अरे देवा, कोन गेलं?" म्हणत तेही रडायला लागले. त्यांच्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं. ज्याच्यासाठी आकांत चालला होता तो माणूस कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांच्या सुरात सूर मिसळत होता.

माय स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात पीठ. तिनं एकदा सगळ्या अंगणावर नजर फिरवली आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काऊन रडून राह्यला रे?"

मी नाक ओढलं.

"कोन मेलं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. "मालूम नाई."

"मालूम नाई तं रडतं कायले?"

"सारे रडून राह्यले."

तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग अगदी हळू, म्हशीला विचारावं तसं, तिनं विचारलं, "हातबी असाच वर केलता काय?"

आजवर एवढं वाचलं, एवढी वर्षं मुलांना शिकवलं, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. पण त्या प्रश्नासारखी चपराक मला दुसऱ्या कोणत्या वाक्यानं दिली नाही. मी डोळे पुसले आणि खाली पाहिलं, तर पत्र्याच्या पेटीला कोपऱ्यात पोचा आला होता. मला त्या पेटीची एकदम हाव सुटली. कॉलेजात जायचंय, हे मला त्या क्षणी कळलं. गावाला नाही. मला.

इकडं आत्याची नजर बाबांवर गेली होती. तिची किंकाळी अर्ध्यात थांबली. "दादा? तू जिता हायेस?"

बाबा सवयीनं म्हणाले, "हाव."

पहिली फसकन हसली ती शेवंताबाई. मग तिच्याकडं पाहून दुसरी. मग नत्थूजी, आसवं गालावर तशीच. ज्या क्रमानं रडणं पसरलं होतं त्याच क्रमानं हसणं पसरलं. आत्या मात्र हसली नाही. कोणीतरी तिला ठरावाचं सांगितलं, आणि मग तिनं कमरेला हात लावून पाटलापासून सगळ्यांचा जो उद्धार केला तो छापता येण्यासारखा नाही. "माह्या भाच्याले कालेजात नाई जाऊ देत, अन् माह्या जित्या भावाचं सुतक धरून बसले! मेल्याहो, उठा!" शेवटी म्हणाली, "अन् वयनी, तू या सुतक्याईले अजून चहा नाई पाजला?" माय आत गेली. पेले घराबाहेर आले. सुतकाच्या घरी दिलेलं नाकारू नये, असं पाटील गंभीरपणे म्हणाला, आणि उपवास सुटला.

संध्याकाळी सेवकजी परतले. पारावर सभा भरली. त्यांनी दिवसभरात काय झालं ते विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही. गोड आवाजात म्हणाले, "दिगंबरनं कॉलेजात जाऊ नये हे ज्यांना मनापासून पटलं..." मी कोपरांकडं पाहत होतो. पाटील नत्थूजीच्या कोपराकडं पाहत होता, नत्थूजी पाटलाच्या. बाबा दोघांच्या. कोणाचंच कोपर सुटेना. मी माझे हात मांडीवर ठेवले. मायनं ठेवले होते तसे. पहिल्यांदाच ते मला माझे वाटले. एकही हात वर झाला नाही. सेवकजींनी सगळ्या सभेवरून नजर फिरवली, मग त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत?" ते म्हणाले, "हेच खरं एकमत. दिगंबर गावाच्या वतीनं कॉलेजात जाईल!" टाळ्या. तो सच्चा माणूस होता, हे मी आधीच सांगितलं.

या गोष्टीतून गाव शहाणं झालं असं कोणी समजू नये. गाव तेच होतं, कोपरं फक्त खाली राहिली होती. हल्ली माझ्या नातवानं मला मोबाइलवर गावाच्या गटात घातलं आहे. कोणी सकाळी काहीतरी टाकतो, आणि खाली एकामागून एक अंगठे वर होत जातात. वाचलेलं कोणी नसतं. मी त्या अंगठ्यांच्या ओळीकडं पाहत बसतो आणि मला मारुतीचा पार दिसतो. परवा कोणाच्या तरी निधनाची बातमी आली. सगळ्यांनी हात जोडले. दुपारी त्या मेलेल्या माणसानंच खाली लिहिलं, 'मी घरी आहे.' तोवर त्याचेही हात जोडून झाले होते.

मी निघालो त्या दिवशी सगळं गाव आंजीच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आलं. पाटलानं हार आणला. सेवकजींनी सुताची लड गळ्यात घातली. माझ्या जागी नवा पोरगा पुढं उभा राहून ओरडला, "एक गाव!" आणि मागून आवाज आला, "एक मन!" आत्यानं पेटीचा पोचा आतून ठोकून बसवला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती पेटी कोणी दिली ते सांगत होती. बाबा कोणी काही म्हणालं की हाव म्हणत होते. मी मोटारीत चढलो, खिडकीतून मागं पाहिलं. धूळ उडाली आणि सगळ्या गावाचे हात एकदम वर झाले. पाटलाचा, नत्थूजीचा, शेवंताबाईचा, सगळ्यांचे, हलत राहिले.

माय रस्त्याच्या कडेला उभी होती. पदर डोक्यावर, दोन्ही हात खाली. मोटार वळेपर्यंत ती माझ्याकडं पाहत राहिली, एकटक. हात तिनं वर केला नाही.